भूल देणाऱ्या बाई

अंबडच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "काका, टाके दुखत न्हाईत ना आता?"

मी थक्क! माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या त्या. घरी जाताना मी सर्जनला शाल-नारळ दिला होता. ह्यांना मात्र आत्ता त्यांनी सांगेपर्यंत ओळखलंही नाही.

"भूल देण्याचीच शाखा का घेतली?" मी विचारलं.

"माझ्या आईला भूल देताना एका डॉक्टरीणबाईंनी तिला गप्पांत गुंगवलं होतं. मलाही तेच करायचं होतं." त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. "पण सगळे अर्ध्या गप्पांतच झोपतात. उठल्यावर कुणी ओळखत न्हाई." मग एकदम वळल्या. "तुमच्या गोष्टीतली म्हैस लग्नाच्या मांडवात घुसली अन् तुम्ही झोपलात. पुढं काय झालं?"

मी बाह्या सरसावल्या. अंबड येईपर्यंत ती म्हैस मी मांडवाबाहेर काढलीच नाही.