तोरणमाळचा घाट उतरताना

सायकल विकायचं जवळजवळ ठरलं होतं. आमच्या सायकल क्लबातला एक मुलगा रविवारी ती बघायला येणार होता, नवऱ्याने त्याला घरचा पत्ताही कळवून टाकला होता. आणि त्याच आठवड्यात मी त्याच सायकलची चाकं काढून ती पिशवीत भरली आणि नाशिकहून शहाद्याची एसटी पकडली.

आधी थोडं मागचं सांगते. गेल्या वर्षी मी ट्रायथलॉनची तयारी करत होते, लांब पल्ल्याची. आधी पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, आणि लगेच अर्धी मॅरेथॉन. सरावात एका घाटाच्या उतारावर वळणावरच्या खडीत चाक सरकलं आणि मी खरोखरची तोंडघशी पडले. खांद्याजवळचं कॉलरबोन मोडलं, आत धातूची पट्टी बसली. हाड जुळलं, पोहणं परत आलं, पळणं आलं, सपाट रस्त्यावर सायकलही चालायला लागली. उतार मात्र आला नाही. उतार दिसला की माझी बोटं ब्रेकवर आवळतात ती सुटतच नाहीत, आणि मी खाली उतरून चालू लागते. स्पर्धेच्या मार्गात घाट आहे, त्यामुळे सराव घेणाऱ्या आमच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी एक घाट उतरून ये, मग नाव नोंदवू.

तोरणमाळ हे थंड हवेचं ठिकाण निवडायचं कारण निसर्गबिसर्ग नव्हतं. तिथे क्लबातलं कोणी भेटणार नाही, एवढंच कारण. शिवाय पायथ्याकडच्या शहाद्यात माझी मावशी राहते. मनाशी ठरवलं, हा घाट सायकलवरून उतरले तर स्पर्धा, नाही तर रविवारी सायकल त्या मुलाची.

जाणाऱ्यांसाठी माहिती: मालेगाव, धुळे, दोंडाईचा करत गाडी जाते, सकाळी निघालात तर दिवस जातोच. सायकल सुटी करून पिशवीत भरलेली असेल तर सामानाचं वेगळं तिकीट काढून बहुतेक कंडक्टर मागे ठेवू देतात. माझ्या कंडक्टरने पिशवी चाचपून "शिलाई मशीन का ताई?" असं विचारलं. मी हो म्हटलं. सायकल म्हटलं असतं तर कुठे, कशाला, एकट्याच का, हे सगळं आलं असतं, आणि माझ्याकडे त्याची उत्तरं नव्हती. सारंगखेड्याला तापीचा पूल लागला तेव्हा सगळी गाडी खिडकीतून पाणी बघत होती आणि मी फोनवर तोरणमाळच्या वळणांचे फोटो मोठे करकरून बघत होते.

मावशीने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि भरीत वाढलं. तिच्या हातच्या भरितावर मी एरवी आडवा हात मारते, त्या दिवशी घास फिरत होता. तिचं लक्ष भाकरीकडे नव्हतंच, माझ्या खांद्याकडे होतं.

"हाड मोडी लिधं ना एकदाव? आते परत काब्रं जाई ऱ्हायनी?"

"कशाला काय, बघून येते गं नुसतं."

"बघाले जीपमा जातस," मावशी म्हणाली. मावसा कोपऱ्यातून म्हणाले, "जाऊ दे तिले. सांगीसन ऐकाव नई ती." ते रागावले होते की कौतुक करत होते, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना निघाले. शहादा ते म्हसावद रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना केळी, पपई, ऊस. दिवाळी होऊन गेलेली, कारखाना सुरू, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्या फार. वाटेत सांडलेली कांडकी आणि पाचट यांच्यापासून जपा, चाक घसरतं. मी तर जपण्याची हद्द केली. पाचटाची काडी दिसली तरी अर्धा रस्ता सोडून जात होते. राणीपूरला चहा, भजी आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, पुढे जंगल आहे आणि दुकानं जवळजवळ नाहीत.

मग चढ. चढ मला आवडतो, चढात कोणी पडत नाही. दम लागला, घाम आला, पाय भरले, सगळं छान. पण प्रत्येक वळण पार केलं की मी मागे वळून बघत होते, उद्या हे उलटं कसं दिसेल. इथे खडी आहे. इथे कठडा तुटलाय. इथे समोरून जीप आली तर? वरच्या टोकाच्या वळणावळणांच्या भागात पोहोचेपर्यंत मी मनातल्या मनात निदान आठ वेळा पडून झाले होते. दऱ्या सुंदर आहेत म्हणतात. असतील.

वर राहायची सोय साधी पण स्वच्छ आहे, गर्दीच्या सुटीत आधी विचारून जा. यशवंत तलाव बघून पोहायचा मोह होतो, पण पोहू नका असं दोघातिघांनी बजावलं आणि मी निमूट ऐकलं. सकाळी थंडी मरणाची होती. तलावाच्या काठाने पळून आले, मग उगाच पुन्हा एकदा पळून आले. चहा घेतला, दुसरा घेतला. साखळीला तेल दिलं. शेवटी ऊन अंगावर आलं तेव्हा निघावंच लागलं.

पहिला हलका उतार जमला. दुसऱ्या वळणाला रस्ता समोरून एकदम नाहीसा झाल्यासारखा वाटला. बोटं आवळली. मी थांबले, उतरले, आणि सायकल हातात धरून चालू लागले. डोळ्यांत पाणीच आलं. गेली सायकल, संपलं, असं मी मोठ्याने म्हटलं.

एक मोटरसायकलवाला थांबला. "पंचर का ताई?" मी हो म्हटलं. तो हळहळून गेला. दुसऱ्यालाही हो म्हटलं. मग मागून जीप आली, म्हसावदच्या बाजाराला निघालेली. आत पावरा आदिवासी मंडळी दाटीवाटीने, टपावर सीताफळांच्या टोपल्या. चालकाने विचारलं, मी सवयीने पंचर म्हटलं, आणि जीप थांबली ती थांबलीच.

मी नको नको म्हणेपर्यंत तिघे खाली उतरले होते. मागचं चाक निघालं. टायर काढून ट्यूब बाहेर आली. कोणीतरी घमेलं आणलं, कॅनमधलं पिण्याचं पाणी त्यात ओतलं. ट्यूब बोट बोट करत पाण्यात दाबून झाली. बुडबुडा नाही. पुन्हा दाबली. टायर आतून चाचपून काटा शोधला. टपावरची सीताफळं उन्हात होती, बाजार भरत आला असणार, आणि हे सगळे ट्यूबला नसलेल्या भोकासाठी उकिडवे बसले होते. चालकाने ट्यूब तिसऱ्यांदा पाण्यात घातली तेव्हा मला राहवेना.

"भाऊ, पंचर नाहीये."

"मंग काय व्हयनं?"

"भीती वाटते. उतरायची."

इतक्या महिन्यांत हे मी डॉक्टरांना, सरांना, नवऱ्याला, कोणालाच या शब्दांत सांगितलं नव्हतं. त्यांना मी खांदा दुखतो, सराव कमी पडतो, असं सांगत होते. आता हसतील असं वाटलं, आणि एकजण हसलाही. पण चालक हात पुसत नुसता म्हणाला, "आस्सं! मंग आदी सांगानं ना," आणि जीपकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी ओरडला.

जीपमधून एक म्हातारी उतरली. तिच्यामागे पोटुशी बाई, मग एक धडधाकट मिशीवाला गडी. टायर चढवून, हवा भरून झाल्यावर (पंप माझाच, त्यांच्या पंपाचं तोंड माझ्या बारीक व्हॉल्व्हला बसेना) जीप त्यांना सोडून खाली निघून गेली.

"तुम्ही का उतरलात?" मी म्हातारीला विचारलं.

"इथं आमी उतरतो. ज्याला भ्या वाटतं तो उतरतो," ती बाजाराच्या मराठीत म्हणाली. "तीन वळणं. मग गाडी खाली थांबती."

"दर वेळी?"

"दर बाजाराला."

मिशीवाल्याकडे मी बघितलं. तो अजिबात न लाजता म्हणाला, "एकदा गाडी पलटी झालती. मी होतो आत." त्याला कोणी चिडवलं नाही. पोटुशी बाई माझ्या सायकलची घंटा शोधत होती, घंटाच नाही याचं तिला फार वाईट वाटलं.

तीन वळणं आम्ही चालत उतरलो. खाली जीप उभी होती, चालक निवांत विडी ओढत होता. सगळे चढले. म्हातारीने मला हाताने खूण केली, आता तू सायकलवर बस. मी बसले. ब्रेक अर्धे दाबलेलेच होते. पण चाकं फिरत होती. जीप पुढे आणि मी मागे, बैलगाडीच्या वेगाने राणीपूरपर्यंत उतरले. म्हणजे ठरवल्याप्रमाणे काही झालं नाही. पूर्ण घाट सायकलवरून उतरायचा होता, तो मी उतरले नाही.

शहाद्याच्या स्टँडवरून सरांना फोन करून जसं झालं तसं सांगितलं.

"सायकल धरून चालायला स्पर्धेत बंदी नाही," ते म्हणाले. "पण वेळ जाईल. तो कुठून आणणार?"

"पळताना."

"मग उद्यापासून पळणं वाढव."

घरी पोहोचले शनिवारी. नवऱ्याला जेवताना सगळं सांगितलं, घमेल्यासकट. तो हसला नाही. ताटातल्या भातात बोटं फिरवत बसला.

"म्हणजे विकायची नाही?"

"नाही."

"मी त्या मुलाला पत्ता लगेच का पाठवला माहितीये? म्हटलं, एकदाची जाऊ दे घरातून." मग म्हणाला, "तू पडलीस आणि दवाखान्यातून फोन आला होता ना, तेव्हापासून तू सायकल घेऊन बाहेर पडलीस की माझ्याने काम होत नाही."

मला हे माहीतच नव्हतं. काही होत नाही रे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तोरणमाळच्या रस्त्यावर मला तसं कोणी म्हटलं नव्हतं.

"मलाही भीती वाटते," मी म्हटलं. "अजूनही."

रविवारी सकाळी त्या मुलाला फोन केला. लावला मी. मग नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि सायकल विकायची नाही म्हणून सांगितलं.