घागरी तांड्याच्या, वही कॉलेजची

पाणी शोधायला आलेल्या माणसांनी लोकांचंच प्यायचं पाणी मातीत ओतलं, तर तुम्ही त्याला शिक्षण म्हणाल काय?

आम्ही ओतलं. साठ-एकसष्टचा उन्हाळा असेल. जमिनीखालचे थर वरून ओळखायचं शास्त्र हाताने शिकावं म्हणून कॉलेजने आम्हाला फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावर नेलं. कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या वावरात चार लोखंडी सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि यंत्राचा काटा किती हलतो ते वहीत लिहायचं. पण भेगाळलेल्या कोरड्या मातीत सळईतून वीज नीट उतरत नाही, बुडाशी पाणी ओतावं लागतं. सरांनी तांड्यावरून घागरी मागवल्या. बायांनी त्या नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर बसून वाटी-वाटीने भरल्या होत्या.

"काहून रे भाऊ, मातीले तहान लागली काय?" त्यांतल्या एकीने विचारलं.

"बाई, आम्ही पाणी शोधतोय," मी म्हणालो.

"ते तं माह्या घागरीत होतं! मले इचारलं असतं तं सांगतलं असतं."

बाया खो-खो हसल्या. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते.

दुपारी मी आलेख काढला. बांधावरच्या पळसाजवळ, कठीण खडकाखाली, ओला थर स्पष्ट दिसत होता. सर खूश झाले. तेवढ्यात तांड्याचे नायक आले.

"साहेब, इहीर कुठं खंदावी आमी?"

"कळवू," सर म्हणाले.

नायक गेल्यावर मी सरांना कारण विचारलं. ते म्हणाले, "हा सराव आहे. उद्या विहीर कोरडी निघाली तर नाव कोणाचं जाईल?"

नाव! कोरडी निघण्याची भीती होती, तर तीही सांगता आली असती. आणि आलेख इतकाच बेभरवशाचा होता, तर पुढे त्यावर मला वर्गात पहिला नंबर कशाचा दिला?

नायकांना कोणी काही कळवलं नाही. मी वही मागितली. पळसापासून किती फूट, किती खोल, सगळं तिच्यातच होतं. ती विभागाची मालमत्ता आहे, असं उत्तर मिळालं. तीनदा मागितली, तीनदा तेच. वही कुलपात आहे आणि बाया अजून झिऱ्यावर बसतात.

तुम्ही हे शास्त्र शिकत किंवा शिकवत असाल, तर तुमच्या विभागाचं कपाट उद्याच उघडा. वहीवर ज्या गावाचं, ज्या तांड्याचं नाव असेल, तिथे एक पोस्टकार्ड टाका. कुठे खणायचं, किती खोल, ते लिहा. आमचं चुकूही शकतं, हेही लिहा. पण लिहा.