प्रमिलाला दिलेला सल्ला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे.

एक आधीच सांगते, मी सुखात आहे. वर्तकनगरात स्वतःचं घर, गुडघे कुरकुरतात तेवढंच. ठाण्याच्या आमच्या औषध कंपनीत, पॅकिंग खात्यातली पहिली बाई सुपरवायझर मी. पुढे डब्याच्या सुट्टीत मुलींची तालीम घ्यायचे — मी साहेब व्हायचे, त्या बढती मागायच्या. घरच्या अडचणी केबिनमध्ये काढायच्या नाहीत, हा पहिला धडा. चौघी सुपरवायझर झाल्या, एक तर मॅनेजर. अजून ऊर भरून येतो — येऊ नये का?

पण हा धडा मला सुचला कुठून?

प्रमिला खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. हात माझ्यापेक्षा जलद, डोकंही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बायकांमधून सुपरवायझर नेमायचं ठरलं, तेव्हा नावं दोनच — तिचं आणि माझं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडेच आली. मी सीनियर ना!

"ताई, मना काय समजत नाय. सायबाला काय सांगू?"

पोर लहान, सासू अंथरुणाला खिळलेली. पण सेकंड शिफ्टसाठी तिने नणंदेला घरी आणून ठेवलं होतं — सगळी सोय झालेली. मला हे माहीत होतं. तरी मी म्हटलं, "पोराचं, सासूचं, सगळं मोकळेपणाने सांग. साहेब समजून घेतात."

किती मायेने बोलले मी! साहेब काय समजून घेतात ते मला पक्कं ठाऊक होतं. त्यांना शिफ्टला कुरकुर न करणारी बाई हवी होती.

तिने सगळं सांगितलं. नंतर मी आत गेले आणि घराबद्दल अवाक्षर काढलं नाही.

ती शेवटपर्यंत पॅकिंगच्या टेबलावरच राहिली. माझ्या तालमींना तिला मी एकदाही बोलावलं नाही — भीती वाटायची, पहिला धडा ऐकला तर?

माझ्या निरोपसमारंभात मुली भरभरून बोलल्या. शेवटी प्रमिला उठली. "पोरींनो, ताईचं आयकलं म्हनून तुमी पुढं गेल्या. मी पन आयकलेलं. माझं नशीबच नव्हतं."

सगळ्या हसल्या. नशिबाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. मी तिला जवळ घेतलं.