वरळीचे शंख

दुर्गाला घासण्याचा नाद होता. मुगभाटातल्या तिच्या दोन खोल्यांत पितळेचं एक भांडं काळवंडलेलं दिसायचं नाही. नवरा, रमाकांत, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि समुद्री गोगलगाईंवर प्रबंध लिहायचा. कपाटावर त्याचे दोन ट्रे असत. एकात वरळीच्या खडकांवरचे शंख, दुसऱ्यात शिवडीच्या शांत किनाऱ्यावरचे. जात एकच, पण लाटा आपटतात तिथल्या शंखाचं तोंड रुंद, कारण खडक धरून बसायला गोगलगाईला पाऊल मोठं लागतं. शांत पाण्यातल्याचं अरुंद. एकाच प्राण्यात असा फरक कसा पडत जातो, ते त्याला दाखवायचं होतं. बायकोला त्याने एवढंच सांगितलं होतं, "ट्रेला हात लावू नकोस."

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला तो फोर्टात गेला होता. दिवाळी तोंडावर आलेली. दुर्गा चिंचेने समई घासत बसली होती. वरळीच्या शंखांवरचे शेवाळाचे डाग तिला बघवेनात. नवरा खूश होईल म्हणून तिने ते सगळे चिंचेच्या पाण्यात घातले. सकाळी काढले तर खडूसारखे पांढरे, कडा खाल्लेल्या, बोटांना पीठ लागत होतं.

तिने ते डब्यात भरून लोणच्याच्या बरण्यांमागे दडवले. मग शिवडीच्या मावशीकडे जाते असं सांगून गेली, ओहोटीला तसलेच रिकामे शंख वेचले आणि वरळीच्या ट्रेत मांडले.

फराळाला रमाकांतचे मार्गदर्शक चिंतामणीसर आले. दुर्गा आत चहा गाळत होती.

"हे वरळीचे?" सरांचा आवाज आला.

"हो सर. तोंड रुंद आहे बघा."

"कुठे रुंद आहे? शिवडीचे नि हे सारखेच. मोजलेस तरी का?"

"मोजले होते सर..." रमाकांत अडखळला. "माझ्याच हातून अदलाबदल झाली असेल."

"मग हा प्रबंध मी पुढे पाठवू शकत नाही."

दुर्गाने गाळणं खाली ठेवलं आणि डबा घेऊन बाहेर आली. "त्यांची चूक नाही. वरळीचे हे आहेत. मी चिंचेत घातले. ट्रेमधले मी शिवडीहून आणलेत."

"चिंचेत?" रमाकांत ओरडला. "समई वाटली का तुला ती?"

सर खो खो हसले. ओरडण्यापेक्षा ते हसणं तिला जास्त लागलं.

"अगं, पण मला सांगायचं नाही का?" रमाकांत म्हणाला.

"तुम्ही असेच ओरडला असतात."

सर चिवड्यातले दाणे निवडू लागले. रमाकांतचे कान लाल झाले.

रविवारी ओहोटीला दोघं वरळीला गेली. त्याने एक शंख उलटा धरला. "हे बघ, याचं तोंड." तिने मान हलवली आणि वर न बघता पिशवी पुढे केली.

पुढे त्या घरात समई राखेने घासली जाऊ लागली. शेजारच्या रमाबाई विचारायच्या, "चिंच महागली वाटतं?"

"हो ना," म्हणून दुर्गा आणखी जोराने घासायची.