फुकटचं प्यादं

"ले भाऊ, फुकट शे," असं म्हणत नाना दुसऱ्याच खेळीला राजाच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवायचे. स्वतःचा राजा उघडा पाडून. मग हात मांडीवर पुसून शांत बसायचे.

जळगावात माझ्या पाइपांच्या दुकानासमोर ते पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. भाव एकच. कुणी कमी करायला सांगितलं तर मोटार त्याच्याकडे परत सरकवून म्हणायचे, "ठेव, नही त ली जाय." तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. मी हातगाडीपासून दुकानापर्यंत घासाघीस करत आलोय. मला असल्या माणसांचा राग येतो. मी ते प्यादं घ्यायचो, पुढे घोडाही घ्यायचो आणि वीस खेळ्यांच्या आत मात खायचो. एकदा पट उधळून दिला. नाना सोंगट्या वेचत म्हणाले, "राग बी फुकटच देस का रे?"

मग धुळ्याचा सामना आला. दोघांचा संघ. मी माझा डाव जिंकलो होतो. नानांनी नुसती बरोबरी साधली असती तरी ढाल आमची होती. समोरच्या मास्तरांनी आपणहून बरोबरी मागितली. नानांनी नकारार्थी मान हलवली, खेळत राहिले आणि हरले. सामना बरोबरीत सुटला, म्हणून नियमाप्रमाणे ढाल गेल्या वेळच्या विजेत्यांकडे, धुळ्यातच राहिली.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "नाना, अर्धा गुण पुरे होता."

"अर्धावर सोडाना धंदा तुना शे, भाऊ. मना नही."

अर्ध्यावर सोडणं हा म्हणे माझा धंदा, त्यांचा नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललो नाही. दुकानं समोरासमोर, तरी नाही. वर्षभरात ते गेले. मी स्मशानात गेलो, पण राग घेऊनच.

यंदा धुळ्यात त्याच मास्तरांनी तो डाव माझ्यासमोर मांडला.

"इथे नानांनी हत्तीने शह दिला. उंटाने दिला असता तर मी संपलो होतो. बरोबरी मी घाबरून मागितली होती."

बाजारात समोरचा आधी 'निम्म्यात तोडू' म्हणाला की तो अडलाय, हे मला झोपेतही कळतं. त्यावरच तर मी उभा राहिलो. पटावर मात्र ते नानांना कळलं, मला नाही.

"तरी ढाल गेलीच," मी म्हणालो.

"गेलीच," मास्तर म्हणाले.

मी पट फिरवून पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे घेतल्या.

"इथूनच पुढे. मी नानांचा उंट खेळतो. तुम्ही सुटून दाखवा."