उशाशी तीन पेले

उन्हाळ्यात अंगणात झोपणाऱ्या बाईचं माकणीत कुणाला नवल नाही. विठाबाई मात्र पावसाळ्यातही बाहेर झोपते आणि कडाक्याच्या थंडीतही. नवऱ्यानं, हिंमतरावांनी, हौसेनं स्लॅबचं घर बांधलं. त्यात ज्वारीची पोती ऐटीत राहतात आणि घरची मालकीण पत्र्याच्या शेडात. उशाशी स्टीलचे तीन पेले, एकावर एक पालथे रचलेले. जमीन हलली की ते वाजणार आणि ही पळणार. भूकंपानंतर तिच्या माहेरी, सास्तूरला, शेजारपाजारीही अशी भांडी रचून झोपायचे. बाकीच्यांनी ती कधीच फळीवर ठेवली. हिनं तीस वर्षं उलटली तरी ठेवली नाहीत.

विठाबाई छताला भिते, असं गाव म्हणायचं. तिनंही ते कधी खोडून काढलं नाही. भूकंप झाला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. शेजारी सहा वर्षांची बहीण, महादेवी, झोपलेली. जमीन गुरगुरली आणि विठाबाई रस्त्यावर येऊन उभी राहिली तेव्हा तिचे दोन्ही हात रिकामे होते. महादेवी आतच राहिली. त्या दिवसापासून तिला भीती वाटायची ती स्वतःच्या पायांची. पुढं लेक झाली, हर्षाली, तर तिलाही तिनं सासूच्या कुशीत झोपवून वाढवलं.

हर्षाली आता धाराशिवला राहते, तिसऱ्या मजल्यावर. तिची पाच वर्षांची राजनंदिनी म्हणजे विठाबाईचा जीव की प्राण. पण भेटायला गेली तरी विठाबाई खाली गाड्यांजवळच बसायची. पोरगी तासभर मांडीवर खेळायची, मग वर जाऊन गॅलरीतून हात हलवायची. परतीच्या एसटीत पदराला तिच्या केसांच्या तेलाचा वास येत राही, आणि विठाबाई तो पदर नाकाशी धरून माकणीपर्यंत बसे.

या वर्षी हर्षालीचा फोन आला. ‘‘आई, मला दवाखान्यात नोकरी लागली. दुपारी नंदिनीजवळ कुणी न्हाय. तू येशील का?’’

‘‘बघते,’’ विठाबाई म्हणाली आणि फोन ठेवून पेल्यांकडं बघत बसली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्याच घरात शिरली. चहाला उकळी येईपर्यंत टिकली आणि घामाघूम होऊन बाहेर आली. मग भाकरी होईपर्यंत. मग वरण शिजेपर्यंत.

‘‘पोत्यांस्नी सांगू का, पाव्हणी आली म्हून?’’ हिंमतरावांनी दारातून विचारलं.

‘‘तुमी गप बसा. आन् दारातून बाजूला व्हा, मला वाट मोकळी लागती.’’

ते हसले, पण बाजूला झाले. महिन्याभरानं ती आत, पोत्यांना टेकून, एक अख्खी दुपार आडवी झाली. झोप काही लागली नाही. तरी तिनं पिशवी भरली. पेलेही घेतले.

तिसऱ्या मजल्यावरच्या पहिल्याच दुपारी विठाबाईनं नंदिनीला हातभर लांब झोपवलं आणि स्वतः दाराकडं पडली. मध्ये पेले रचले. पोरगी लोळत लोळत पेल्यांना वळसा घालून आली आणि आजीच्या गळ्यात हात टाकून झोपली. महादेवी अशीच झोपायची. विठाबाईला तो हात काढवेना आणि सोसवेनाही. किती वर्षं झाली होती असं कुणी गळ्यात पडून! त्या उबेतच तिचा डोळा लागला.

आणि पेले वाजले.

विठाबाईला जाग आली ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, अनवाणी. खाली रस्त्यावरून खडीचा भलामोठा ट्रक चालला होता. तेवढंच. म्हणजे पाय पळालेच होते. खाली बघायचा तिला धीर होईना. आपले रिकामे हात तिला ठाऊक होते.

मग मानेवर कुणीतरी नाक घासलं. नंदिनी तिच्या खांद्यावर होती, विठाबाईच्याच दोन्ही हातांनी घट्ट आवळलेली.

विठाबाई तिथंच पायरीवर बसली. पोरगी काही जड नव्हती. महादेवीही नसेल. एवढीशी तर होती. तीस वर्षं अडवून धरलेलं रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

‘‘आजी, कुठं चाललो आपण?’’ नंदिनीनं डोळे चोळत विचारलं.

‘‘वर,’’ विठाबाई म्हणाली. ‘‘घरात.’’