मावशींचा मोर आणि सेव्हचं बटण

चिकलठाण्याच्या एका कंपनीत मी दिवसभर कॉम्प्युटरवर काम करते. सुट्टीच्या दिवशीही तेच करते, फक्त बिनपगारी. चौकटींच्या कागदावर काढतात तशी नक्षी पडद्यावर काढता येईल असा एक प्रोग्राम आम्ही जगभरातले काही जण मिळून लिहितो. तो कुणीही फुकट वापरावा, हवा तसा बदलावा. कुणीही म्हणजे नेमकं कोण, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

पैठणला पैठणी विणणाऱ्या एक ओळखीच्या मावशी आहेत. पदरावरचे मोर त्या स्वतः रचतात. पण नजर अधू झाली आणि कागदावरच्या बारीक चौकटी त्यांना दिसेनात. आता दुसऱ्याच्या नक्षीवर विणायचं, हे त्यांच्या फार जिवाला लागलं होतं. पडद्यावर चौकट हवी तेवढी मोठी होते. मी मोठ्या तोऱ्यात त्यांच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम घातला आणि एसटीनं परत आले.

पुढच्या रविवारी गेले, तर मावशी कॉम्प्युटरकडं पाठ करून बसलेल्या. सबंध दुपार बसून त्यांनी मोर काढला होता आणि काम संपल्यावर पंखा बंद करावा तसं भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. मोर गेला.

“सेव्ह नाही केलं?” मी खेकसलेच.

“कागदावर काढलेलं राहतंय की, ताई. त्याला राहा म्हणून सांगावं लागतं व्हय? नाय जमायचं मला.”

एसटीत मला स्वतःचीच लाज वाटली. चूक आमची होती आणि मी ओरडले त्यांच्यावर.

घरी येऊन मी प्रोग्राम लिहिणाऱ्या बाकीच्यांना कळवलं, काढलेलं आपोआप जपलं गेलं पाहिजे. एकाचं उत्तर आलं: सेव्ह करायचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. माझं डोकंच फिरलं. ‘एका बाईंना माहीत नाही. आणि त्यांना मोराबद्दल जे माहीत आहे ते आपल्यापैकी कुणालाच नाही,’ असं लिहून मी कामाला लागले. प्रोग्राम उघडताना येणारे इंग्रजी प्रश्न उडवले. चौकट भरताक्षणी जपली जाईल असं केलं. माझे बदल दोनदा परत आले, मी पुन्हा पाठवले. शेवटी कंटाळून का होईना, बाकीच्यांनी ते घेतले.

मावशींना राजी करणं त्याहून अवघड गेलं. बदललेला प्रोग्राम त्यांच्याकडं घालून मी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी मोराची मान काढली, माझ्याकडं बघितलं आणि सरळ हात लांबवून भिंतीवरचं बटण बंद केलं.

“बघू आता तुमचं.”

कॉम्प्युटर पुन्हा चालू होईपर्यंत मी पडद्याला नाक लावून बसले होते. मान होती तिथं होती, शेवटच्या चौकटीसकट. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर मावशींनी माऊस धरलासुद्धा.

“जरा सरका, ताई. मला दिसंना झालंय.”